समोरची नळी

आमच्या हॉलमध्ये दोन वर्षं खोकी पडून होती. बाबांनी ती सुतळीने बांधली होती, दोन आडवे वेढे आणि एक उभा, आणि प्रत्येकावर मार्करने लिहिलं होतं: 'सांगली, पुस्तकं', 'सांगली, स्वयंपाकघर', 'सांगली, हिचं'. हिचं म्हणजे माझ्या आईचं. आई गेल्यावर वर्षभराने बाबांनी ठरवलं की आता बेंगळुरूत आपलं काही उरलेलं नाही. इथल्या एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. नोकरीत असतानाच सांगलीला दोन खोल्यांचं घर बांधून ठेवलं होतं, शेजारच्या गल्लीत त्यांची बहीण राहते, आणि निवृत्तीनंतर तिकडे जायचं हे आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की लहानपणी मला आपण बेंगळुरूत पाहुणे आहोत असंच वाटायचं.

ते थांबले होते माझ्यापायी. "तुझं झालं की निघू," असं ते म्हणायचे. माझं म्हणजे माझी पीएच.डी. तुम्ही पुढे जा, मी हॉस्टेलवर राहीन, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: इतकी वर्षं काढली, आता चार महिन्यांसाठी तुला एकटी कशाला ठेवू? ते चार महिने संपता संपेनात. उत्साहाच्या भरात त्यांनी स्वयंपाकघराचं खोकं सगळ्यात आधी बांधलं होतं आणि त्यात आईचा पोळपाटही गेला होता. तो बाहेर काढू म्हटलं की त्यांना पटायचं नाही, बांधलेलं चार महिन्यांसाठी कशाला सोडायचं? मग आम्ही पालथ्या ताटावर पोळ्या लाटायचो. ताट ओट्यावर सरकायचं, पोळीला कोपरे फुटायचे, आणि मी रोज सकाळी आधी ताटावर, मग खोक्यावर आणि शेवटी स्वतःवर चिडायचे. चिडका स्वभाव मला जन्मजातच मिळालाय, पण त्या दोन वर्षांत त्याला खतपाणी भरपूर मिळालं.

माझ्या कामाचा विषय सांगायला सोपा आहे. आतड्यात राहणारा एक जिवाणू मी प्रयोगशाळेत वाढवत होते. जिवाणूला हात नाहीत, पाय नाहीत, आणि आपल्या पेशीपुढे तो अगदीच चिमुकला. तरी आजूबाजूच्या पेशींशी त्याचा व्यवहार चालूच असतो. त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला एखाद्या जागी फुगवटा येतो, तो मुळाशी आवळत जातो आणि सुटून वेगळा होतो. झाली एक पिशवी, जिवाणूहूनही कितीतरी लहान. शास्त्रात तिला पुटिका म्हणतात. तिच्या आत जिवाणूचा माल असतो. कधी विष, कधी काही पचवणारं प्रथिन, कधी औषधाला दाद न देण्याचं कसब शेजारच्या जिवाणूला देणारा जनुकाचा तुकडा. पुटिका तरंगत जाते, एखाद्या पेशीला चिकटते, पेशी तिला गिळते आणि माल आत उतरतो. जिवाणू आपल्या जागेवरून हललेलाही नसतो.

बाबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून विचार केला आणि म्हणाले, म्हणजे वाण्यासारखा पुड्या बांधून घरपोच पाठवतो. त्या दिवसापासून आमच्या घरी माझ्या संशोधनाचं नाव 'पुड्या' पडलं. सांगलीच्या आत्यालाही फोनवर तेच सांगितलं जायचं, की पुड्यांचं काम आता संपतच आलंय.

माझं म्हणणं असं होतं की या पुटिका आतड्याच्या पेशींपाशी पोचल्या की त्या पेशी धोक्याची सूचना देणारं एक प्रथिन बाहेर सोडतात. म्हणजे जिवाणू स्वतः दूर बसून आतड्यात दाह सुरू करू शकतो. चार वर्षं मी हे पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. आलेख उंच यायचे, दर वेळी तेवढेच उंच, आणि मला त्यांचा फार अभिमान होता. आमचा लेख एका चांगल्या नियतकालिकाने वाचून परत पाठवला होता. परीक्षकांनी दोन-तीन किरकोळ गोष्टी मागितल्या होत्या. त्या करायच्या, लेख पाठवायचा, मग प्रबंध, मग सांगली. इतकं सगळं एका रांगेत उभं होतं.

बाबांनी टेम्पोही ठरवला होता, तिसऱ्यांदा. आम्ही यशवंतपूरला राहतो. तिथल्या घाऊक बाजारात महाराष्ट्रातून कांदा घेऊन येणारा एक कन्नड टेम्पोवाला परतताना रिकामा जायचा. आधीच्या दोन वेळा बाबांनी त्याला कळवून पुढची तारीख घेतली होती. आता महिन्याअखेरचा रविवार ठरला होता आणि बाबांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करून ठेवला होता.

मी रोज यशवंतपूरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे. निम्मं मेट्रोने, पुढे बसने, आणि ती बस बेळ्ळंदूरपाशी हमखास थांबायची. खिडकीतून काचेच्या इमारती दिसायच्या. त्यांतल्या एकीत माझी कॉलेजची मैत्रीण बसायची, तिचं लग्न झालं, घर झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली. मी मात्र एकतीस वर्षांची होऊन त्याच बसमध्ये, त्याच सिग्नलला, मांडीवर डबा घेऊन बसलेली असायचे. बस सुटली की पुढच्या सिग्नलपर्यंत जायची आणि परत उभी राहायची. तेव्हा मला खरोखर श्वास कोंडल्यासारखं व्हायचं आणि मी एक थांबा आधी उतरून चालत सुटायचे.

आता अल्ट्राबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथे घडलं. पुटिका डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्या मिळवायच्या तर जिवाणू वाढवलेल्या द्रवातून आधी जिवाणू काढून टाकायचे आणि उरलेला स्वच्छ द्रव एका यंत्रात तीन तास गरागरा फिरवायचा. त्याचा वेग इतका असतो की पुटिकासुद्धा नळीच्या तळाशी जाऊन बसतात. त्या यंत्राला आम्ही सगळे अल्ट्रा म्हणतो. फिरताना तोल गेला तर ते यंत्र मोडतं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीही धडगत नसते. म्हणून एका बाजूला नळी ठेवली की तिच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवावीच लागते. माझा जिवाणू हट्टी आणि मंद. वाढून वाढून तो एका नळीपुरता वाढायचा. मग समोरच्या नळीत काय भरायचं?

हे मला अण्णांनी शिकवलं. अण्णा अल्ट्राच्या खोलीचे तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, शर्टाच्या खिशात कायम रुमालाची घडी. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरी ते मराठी बोलतात, पण मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला कन्नडच वाटली होती. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते अक्का म्हणायचे. त्यांचा नियम एकच होता, जे एका नळीत तेच समोरच्या नळीत. नुसतं वजन जुळून भागत नाही, द्रवही तोच हवा, म्हणजे यंत्र कुरकुरत नाही. म्हणून मी समोरच्या नळीत कोरं खाद्य भरायचे, म्हणजे ज्या द्रवात जिवाणू वाढवतात तोच द्रव, जिवाणू न घातलेला. माझ्या जिवाणूचं खाद्य जनावरांच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या अर्कापासून बनतं. आमच्या शाकाहारी घरात मी ते वाक्य कधी पूर्ण केलं नाही.

तीन तासांनी यंत्र थांबलं की माझी नळी मी बर्फात घालून घेऊन जायचे आणि समोरची अण्णांच्या तसराळ्यात ठेवायचे. या नळ्या एकदा वापरून फेकायच्या असतात, पण त्या परदेशातून येतात, आणि आमच्याकडे अण्णा त्या मऊ ब्रशने धुऊन पुन्हा वापरात आणतात. चार वर्षं हे असंच चाललं होतं. समोरच्या नळीकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती फक्त वजनाला होती.

तो मंगळवार होता, दुपारचे चार वाजले असतील. माझ्या नळीवर मी काळ्या मार्करने एक रेघ ओढायचे. त्या दिवशी हातमोज्यांवर स्पिरिट राहिलं असावं, कारण दोन्ही नळ्या बाहेर काढल्या तर एकीवरही रेघ नव्हती. मला आधी फक्त राग आला. मग मनाशी म्हटलं, यात काय अवघड आहे, जिच्या तळाशी साका असेल ती माझी. मी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. दोन्हींच्या तळाशी साका होता, फिकट तपकिरी, चकचकीत, करंगळीच्या नखाएवढा.

मी अण्णांना हाक मारली आणि म्हटलं की दोन्ही नळ्यांत खाली काहीतरी बसलंय. अण्णा तसराळ्यापाशी होते. ते वळलेसुद्धा नाहीत.

"समोरच्या नळीत नेहमीच असतंय की, अक्का," ते म्हणाले. "मी घासून काढतोय की दर वेळी. तुमच्या नळीत असतंय त्याहून स्वल्प कमी."

मी विचारलं, नेहमी म्हणजे कधीपासून. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझा आवाज बदलला होता.

"पहिल्या दिवसापासून," अण्णा म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

मी एवढी शिकलेली, आणि चार वर्षं माझ्या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अण्णा ब्रशने घासून मोरीत सोडत होते. त्यांचा यात काडीचा दोष नव्हता. पाहायला हवं होतं ते मी.

कोणाला काही न सांगता मी ते दोन्ही साके वेगवेगळे विरघळवले, एकाला अ म्हटलं, दुसऱ्याला ब, आणि पेशींवर घातले. उत्तर यायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मी नेहमीसारखी वागले, म्हणजे सगळ्यांवर खेकसले. गुरुवारी दुपारी आकडे आले. अ उंच, ब-ही उंच. जरासा फरक होता, पण इतका जरासा, की आलेख समोर ठेवूनही माझी नळी कोणती हे मला सांगता येईना. मग मी नुसतं कोरं खाद्य भरून, नीट खुणा करून, सगळं पुन्हा केलं. पेशींनी त्यालाही तेवढ्याच जोरात धोक्याची सूचना दिली. जिवाणूचा त्यात पत्ताच नव्हता.

झालं होतं ते असं. खाद्य बनतं जनावरांच्या पेशींपासून, आणि त्या पेशींच्या आवरणांचे तुकडे, पिशव्या, चुरा त्यात आधीपासूनच असतो. अल्ट्राला तो चुरा कोणाचा हे कळत नाही. मी ज्याला जिवाणूने पाठवलेला माल म्हणत होते त्यातला बराचसा बाटलीतूनच आला होता. तुलनेसाठी मी दर वेळी साधं मिठाचं द्रावण वापरत होते, ज्यात साका विरघळवायचा ते. त्यात काही नसणारच. माझ्या जिवाणूच्या पुटिका त्या साक्यात नव्हत्या असं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या पाहिल्या होत्या, आवरणापासून सुटताना, गोल, काठ गडद. पण पेशींना उठवत होतं ते कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि सगळा लेख त्याच एका गोष्टीवर उभा होता.

हे मी कोणालाही बोलले नाही. महिन्याअखेरचा रविवार साडेतीन आठवड्यांवर होता. बाबा संध्याकाळी आत्याशी फोनवर बोलायचे, तिने घर झाडून घेतलं होतं, गॅसची जोडणी करून ठेवली होती. मला विचारायचे, लेख गेला का? मी म्हणायचे, जातोय. ही थाप मारताना मी भाजी चिरत असायचे म्हणून बरं, मान वर करावी लागायची नाही. बाहेर पडायचा रस्ता सरळ समोर होता, आणि त्यावर पाऊल टाकायचं तर मला एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. परीक्षकांनी कोऱ्या खाद्याबद्दल विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

त्यांच्या किरकोळ मागण्यांसाठी मला अजून दोन-तीनदा अल्ट्रा लावायचा होता. मी खोलीत गेले तेव्हा अण्णा जरा बिचकत माझ्याजवळ आले. त्या दिवसापासून आपलं काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटत होतं.

"अक्का, ह्या वेळी समोर पाणी भरू का?" त्यांनी विचारलं. "थोडं मीठ घालतो, वजन बरोबर करतो. मग खाली काही बसणार नाही. तुम्हाला त्रास नको."

त्यांना फक्त माझा चेहरा नीट व्हायला हवा होता, त्यामागे दुसरं काही नव्हतं. आणि मी, जिला सगळं कळत होतं, ती म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे, भरा. दोन आठवडे समोरच्या नळीत मीठपाणी फिरलं. यंत्र कुरकुरलं नाही. नळीचा तळ काचेसारखा स्वच्छ राहायचा. मी तो मुद्दाम उजेडाकडे धरून बघायचे आणि मला स्वतःची शिसारी यायची. अण्णा खूश होते, त्यांचं धुण्याचं काम कमी झालं होतं.

निवृत्तीनंतर बाबा आठवड्यातून तीन दिवस पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुटे भाग तपासायला जायचे. नोकरी म्हणून नव्हे, हात शिवशिवतात म्हणून. टेम्पोच्या आधीच्या रविवारी जेवताना ते तिथली गंमत सांगत होते. एका नवीन मुलाने आठवडाभर व्हर्नियर पट्टीने एका भागाची जाडी मोजली होती, शेकडो नग, सगळे पास. बाबांनी सहज एक उचलून मोजला तर नापास. दुसरा उचलला, तोही नापास. मुलगा वही दाखवत राहिला, की बघा सर, सगळी मापं अगदी एकसारखी आहेत.

"त्याने व्हर्नियरचे जबडे मिटवून शून्य बघितलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "शून्य सरकलेलं असलं ना, की प्रत्येक माप चुकतं. आणि गंमत अशी की सगळी मापं एकमेकांशी छान जुळतात. म्हणून संशयच येत नाही."

मी विचारलं, मग काय केलंत?

"काय करणार? सगळे परत मोजले," बाबा म्हणाले आणि ताक ओतून घेतलं. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती. मला मात्र त्यांच्यासमोर बसवेना. हे पस्तीस वर्षं शून्य तपासत आलेले गृहस्थ, आणि मी त्यांच्याच घरात बसून त्यांना समोरच्या नळीत पाणी भरून फसवत होते. मी उठून हात धुतले आणि खोलीत जाऊन पडून राहिले. पोट दुखतंय असं सांगितलं.

सोमवारी सकाळी मी आमच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक, प्रयोगशाळेच्या प्रमुख. कामात कडक, बोलण्यात तुटक, आणि या लेखावर त्यांचंही बरंच काही अवलंबून होतं. त्यांचं पुढचं अनुदान याच निष्कर्षावर मागितलेलं होतं. मी त्यांच्यासमोर अ आणि ब-चा आलेख ठेवला, मग कोऱ्या खाद्याचा, मग मीठपाण्याच्या दोन आठवड्यांचंही सांगितलं. त्यांनी आधी हे चुकीचं असेल असं म्हणून बघितलं. मग, या क्षेत्रातले बरेच लोक असंच करतात, असंही म्हणून बघितलं. मग त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिले.

"तू येण्याआधी मी मोकळी होते," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आता मला हे माहीत आहे. आता मलाही काही दुसरं करता येणार नाही."

हे त्या रागाने म्हणाल्या. मी माफी मागितली नाही, कारण कशाची मागायची ते ठरवता येईना. त्यांनी संगणक स्वतःकडे ओढला आणि माझ्यासमोरच नियतकालिकाला पत्र लिहिलं, की लेख आम्ही मागे घेत आहोत. चार ओळींचं पत्र. मग मला विचारलं की साक्यातला चुरा आणि खऱ्या पुटिका वेगळ्या करायला किती दिवस लागतील. साखरेच्या पाकासारख्या दाट द्रवाचे थर नळीत रचून त्यातून साका फिरवला की हलकं-जड वेगवेगळ्या थरांना जाऊन थांबतं. ती पद्धत मला माहीत होती. वेळखाऊ आहे म्हणून मी ती चार वर्षं टाळली होती. मी म्हटलं, सगळं पुन्हा करायचं तर एक वर्ष, कदाचित जास्त. मॅडमनी मान हलवली आणि मला जायला सांगितलं.

अल्ट्राच्या खोलीत जाऊन मी अण्णांना म्हटलं की उद्यापासून समोर पुन्हा कोरं खाद्यच भरायचं, आणि ती नळी धुवायची नाही, मला द्यायची. अण्णांनी कारण विचारलं नाही. सरी, म्हणाले, आणि स्टँडवर एक कागद चिकटवून त्यावर लाल पेनाने 'अक्का, धुवू नये' असं लिहिलं. तो कागद अजून तिथे आहे.

त्या दिवशी बेळ्ळंदूरला बस चाळीस मिनिटं उभी राहिली आणि मला त्याचं पहिल्यांदा बरं वाटलं, कारण घरी पोचायचं नव्हतं. पोचले तेव्हा बाबा हॉलमध्ये खोक्यांवरची धूळ पुसत होते. टेम्पो सहा दिवसांवर आला होता. मी चपलासुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. मध्येच थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. रेघ पुसली गेली ते, अण्णा, दोन्ही साके, मीठपाणी, पत्र. मी त्यांच्याशी खोटं बोलत होते हेही. बाबा एका खोक्यावर बसून ऐकत होते.

"म्हणजे शून्य बघितलंच नव्हतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

"चार वर्षं?"

मी म्हटलं, हो. त्यांनी किती वेळ लागेल असं विचारलं, मी वर्ष म्हणून सांगितलं. ते ओरडले असते तर मला हलकं वाटलं असतं. पण ते नुसते कॅलेंडरकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की ते थकलेत. त्यांच्या पाठीला बाक आला होता आणि तो कधी आला ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून होता, माझं सगळं चालावं म्हणून, आणि मी त्याच्याकडेही नीट पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तरी जा. माझ्यामुळे इथे अडकू नका, मी पाया पडते.

त्यांनी फोन घेतला आणि टेम्पोवाल्याला लावला. पस्तीस वर्षांत बाबांचं कन्नड दुकानापलीकडे गेलेलं नाही, पण त्याच्याशी ते हट्टाने कन्नडच बोलतात. "ईग बेडा," ते म्हणाले, म्हणजे आत्ता नको. "आमेले." म्हणजे नंतर. तिसऱ्यांदा तेच ऐकून पलीकडचा माणूस हसला असावा, कारण बाबाही जरा हसले.

मग ते खाली बसले आणि 'सांगली, स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्याची गाठ सोडायला लागले. दोन वर्षांत ती दगडासारखी घट्ट झाली होती. मी कात्री आणून दिली तर ती त्यांनी बाजूला ठेवली. नखांनी, दातांनी, बराच वेळ झटून त्यांनी गाठ सोडवली. सुतळीची गुंडी केली आणि कपाटाच्या खणात टाकली, परत लागेल म्हणून. वर्तमानपत्रांत गुंडाळलेली भांडी एकेक करून बाहेर आली आणि तळाशी आईचा पोळपाट निघाला.

"बाबा, राहू दे," मी म्हटलं. "चालतंय की ताटावर."

"चार महिने ठीक होतं," बाबा म्हणाले. "वर्षभर काय ताटावर पोळ्या लाटायच्या?"

त्यांनी पोळपाट नळाखाली धरून धुतला, पंच्याने पुसला आणि ओट्यावर ठेवला. कणीक सकाळची मळलेली होती. मी चपला काढल्या, हात धुतले आणि लाटायला घेतलं. पोळपाट सरकला नाही. पहिली पोळी गोल झाली, अगदी आई करायची तशी गोल, आणि ती तव्यावर टाकल्यावर मला रडू आवरेना. बाबा शेजारी उलथणं घेऊन उभे होते. ते म्हणाले, रड, पण आधी ती उलट, करपतेय.